वर ठेवलेल्या वस्तूंविषयी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचे सारे पाणी पूर्वेकडे जाते. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. परंतु या तालुक्यांतील एखादा माणूस पोटासाठी समुद्रावर गेलाच तर तो बहुधा पश्चिमेकडे जातो, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रावर. ‘सागर सम्राट’ या जपानात बांधलेल्या वेधनयंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेलाचा शोध लावला, २१ मे १९७६ रोजी उत्पादनास आरंभ झाला, आणि तेव्हापासून त्या उघड्या समुद्रात पोलादी पायांवर उभ्या असलेल्या फलाटांवर वेल्डर, रंगारी, क्रेनचालक, दोरसामान बांधणारे रिगर अशी शेकडो माणसे चौदा दिवस राहायचे व चौदा दिवस घरी यायचे, या क्रमाने आपले आयुष्य घालवीत आली आहेत. अशा माणसांपैकी एक दौंडचे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. ते एका ठेकेदाराकडे रिगरांचे मुकादम आहेत. दौंडहून रेल्वेने मुंबई, जुहूहून हेलिकॉप्टरने फलाट, हा त्यांचा नित्याचा प्रवास. त्यांचे सासरे शिरूर तालुक्यातील. यारी लावून विहिरी खोदण्याचा त्यांचा व्यवसाय असून, दख्खनचा काळा पाषाण किती परसांवर लागेल हे जमिनीचा उतार व बाभळींची दाटी पाहून सांगणाऱ्या जुन्या जाणत्यांपैकी ते आहेत. सासरे-जावई एकमेकांना मान देऊन, परंतु आपापले म्हणणे यत्किंचितही न सोडता बोलतात, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यात झालेला एक वाद मला इतका महत्त्वाचा वाटला की तो, जसा ऐकला तसा, येथे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

निमित्त झाले ते यारीच्या आकड्याचे. आकड्याच्या तोंडाशी जो स्प्रिंगचा खटका असतो तो केव्हाच मोडून गेला होता, आणि दगडांनी भरलेल्या बादलीची कडी नुसत्या वजनाच्या भरवशावर त्या उघड्या आकड्यात अडकून वर येत होती.

“मामा,” जावई म्हणाले, “असा आकडा आमच्या फलाटावर कोणी क्षणभर चालू दिला नसता. काम तेथेच थांबले असते.”

“जावईबापू, तुमचे काम थांबले तर कंपनीचे पैसे थांबतात, आमचे थांबले तर मजुराची रोजंदारी थांबते,” सासरे शांतपणे म्हणाले. “आणि तुम्ही म्हणता तशी कडी वाटेत निसटत नाही. दोर ताणलेला असेल तोवर आकडा तिला सोडीत नाही. बादली तळाला टेकते, दोर सैल पडतो, तेव्हा कडी हलते; पुन्हा उचलताना ती नीट बसली की नाही हे ज्याने पाहायचे तो माणूस मी तळाशी ठेवला आहे आणि दुसरा काठावर ठेवला आहे. खटक्याला डोळे नसतात. मी इतकी वर्षे हे काम डोळ्यांच्या जोरावर केले आहे.”

“आपण सांगितले ते कारण बरोबर आहे,” जावयांनी मान्य केले, “आणि माझा धसका नेमका त्यालाच आहे. सैल दोराच्या त्या घटकेत कडी आकड्याच्या टोकावर अर्धवट बसते, दोर पुन्हा ताणला की तशीच वर चढू लागते, आणि पाचसहा परस वर आल्यावर एखाद्या हेलकाव्याने सुटते. तळाचा माणूस तोवर दुसरी बादली भरू लागलेला असतो, काठावरच्याला सुरुंगाच्या धुरळ्यात टोक दिसत नाही. डोळ्यांना जेथे दिसू शकत नाही तेथे मी खटका मागतो. डोळे काढून टाका असे मी म्हणत नाही.”

यावर सासऱ्यांनी आपल्या कामाचा जो शिरस्ता सांगितला तो मला फार आदरणीय वाटला, कारण तो कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता. काठापासून हातभर अंतरात पहार, घण, छिन्नी, घमेले, काहीही ठेवायचे नाही. डबर काठाला लागून न टाकता लांब टाकायचे, कारण पहिल्या पावसात तोच ढीग आत घसरतो. काठावर काम करणाऱ्याने चपला लांब काढून ठेवायच्या आणि खिसे रिकामे करायचे. बादली वर येत असताना तळाच्या माणसांनी भिंतीला पाठ लावून कपारीत उभे राहायचे. “माझ्या विहिरीवर माणूस गेलेला नाही,” ते म्हणाले, “आणि त्याचे कारण एखादी वस्तू नव्हे. माणसाला धाक असला, कामाविषयी इमान असले, तर त्याच्या हातून वस्तू सुटत नाही. तुम्ही प्रत्येक पान्याला दोरी बांधता. ज्याला ठाऊक आहे की सुटले तरी दोरी आहे, त्याची मूठ आपोआप सैल होते.”

या आक्षेपात तथ्य आहे असे मला तेव्हा वाटले व आजही काही अंशी वाटते. शहाण्या माणसाने नवी सोय स्वीकारताना तिच्यामुळे आपली कोणती जुनी शक्ती हिरावली जाईल याचा विचार केलाच पाहिजे. जावयांनीही तो आक्षेप हसण्यावारी नेला नाही. त्यांनी काडीने मातीवर आकडे मांडले.

“दहा परसांची विहीर म्हणजे साठ फूट धरू. तेथून सुटलेली वस्तू, दगड असो की पाना, तळाला पोहोचायला दोन सेकंद पुरते लागत नाहीत, आणि पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी ६८ किलोमीटरांच्या घरात असतो. काठावरच्या माणसाला वस्तू सुटल्याचे कळायला, त्याला आरोळी ठोकायला, ती तळाच्या माणसाच्या कानी जायला आणि त्याने पाय उचलायला ही दोन सेकंदे पुरत नाहीत. उलट आरोळी ऐकून तो काय करतो? वर पाहतो. आता वजनाचे पाहा. तेलाच्या धंद्यात ‘ड्रॉप्स’ नावाची एक चळवळ गेल्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या उत्तर समुद्रात सुरू झाली. तिने वस्तूचे वजन व उंची यांवरून इजेचा अंदाज करण्याचे एक कोष्टक केले आहे. त्यात सुमारे ४० ज्यूलच्या पुढचा आघात नोंद घेण्याजोग्या इजेचा किंवा त्याहून वाईट मानतात, आणि तोही डोक्यावर हेल्मेट आहे असे धरून. एक किलोची वस्तू तेरा-साडेतेरा फुटांवर ही सीमा गाठते. अर्धा किलोचा पाना सत्तावीस फुटांवर. तोच पाना तुमच्या साठ फुटांवरून आला तर नव्वद ज्यूल होतात. आणि मामा, तुमच्या माणसांच्या डोक्यावर टॉवेलाची चुंबळ असते.”

सासरे काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे सगळे वस्तू सुटल्यानंतरचे झाले. मी म्हणतो, ती सुटूच नये.”

“हातातली सुटू नये म्हणून धाक चालेल. परंतु जी वस्तू कोणाच्याच हातात नाही तिचे काय?”

येथून संभाषणाला जे वळण मिळाले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. समुद्रावर, जावयांनी सांगितले, वरून पडणाऱ्या वस्तूंचे दोन वर्ग करतात. एक, ज्यांना कशाचा तरी धक्का लागतो: क्रेनचा दांडा फिरताना कठड्याला घासतो, वाऱ्याने दोर हेलकावतो, हातातून हातोडी निसटते. दुसरा, ज्यांना कोणीही हात लावलेला नसतो. वेधनाचा मनोरा दीडशे फुटांच्या आसपास उंच; त्यावर दिवे, भोंगे, कॅमेरे, कप्प्या, पाट्या, नळांचे चिमटे लावलेले. खालची यंत्रे अहोरात्र थरथरत असतात व त्या थरथरीने नट कणाकणाने फिरतो. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा दिवा आणि पोलादी बोल्ट एकमेकांना लागून राहिले की दोन भिन्न धातूंमधील क्रियेने त्यांतला एक झिजू लागतो, आणि वरून रंग शाबूत दिसत असताना आतील धातूचा भुगा होतो. एखाद्या रात्री, वारा नसताना, माणूस जवळ नसताना, तो दिवा खाली येतो.

“तो दिवा लावणारा फिटर कदाचित दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला असेल,” जावई म्हणाले. “आता आपण धाक कोणाला घालणार? तो चांगला कारागीर होता, त्याने बोल्ट घट्ट आवळला होता, त्याच्या इमानात कसूर नव्हती. म्हणून आम्ही दिव्याला बोल्टाखेरीज एक स्वतंत्र तारेचा दोर घालून तो मनोऱ्याच्या लोखंडाला बांधतो. बोल्ट गेला तर दोर धरतो. नटाला दुहेरी नट किंवा आरपार पिन घालतो, शॅकलची पिन नुसती फिरवून न ठेवता तिला नट व चाप लावतो, आणि ठरलेल्या मुदतीने माणूस वर चढून प्रत्येक वस्तू यादीप्रमाणे हाताने हलवून पाहतो. वर चढवलेली वस्तू म्हणजे खात्यावर काढलेले कर्ज आहे, मामा. ती वर आहे तोवर व्याज चालू असते, आणि वसुली होते ती कर्ज काढणाऱ्याकडून नव्हे, त्या वेळी जो खाली उभा असेल त्याच्याकडून.”

हे म्हणणे मला पूर्णपणे पटते, आणि ते समुद्रापुरते नाही. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत नळांच्या रांगा माणसांच्या डोक्यांवरून गेलेल्या आहेत, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उंच छपरांखाली क्रेन धावतात, न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या साखर कारखान्यांत गव्हाणीवर उसाच्या मोळ्या उचलणारी यंत्रे बसविलेली आहेत व गळीत हंगाम संपला की दुरुस्तीसाठी माणसे त्या उंचीवर चढतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २९ व्या कलमात उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून निदान एकदा जाणत्या इसमाकडून तपासणी करण्याचा दंडक घातला. परंतु तो कारखान्याच्या आवारापुरता. त्याच दोराचा तुकडा कारखान्यातून निकाली निघाला, जुन्या बाजारात गेला आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर यारीला लागला, की त्याची तपासणी करणारा कोणी उरत नाही. खाली उभा असणाऱ्याचा जीव कुंपणाच्या आत एका मोलाचा आणि बाहेर दुसऱ्या मोलाचा ठरावा, ही गोष्ट कोणत्याही समाजाने स्वस्थपणे सहन करण्यासारखी नाही.

सासरे मात्र अजून हटले नव्हते, आणि त्यांचे पुढचे आक्षेप आधीच्यापेक्षा बळकट होते.

“यादी म्हणालात,” ते म्हणाले. “याद्या मी पाहिल्या आहेत. पुलाच्या एका कामावर दोन महिने होतो. सकाळी कारकून कागद आणी, मुकादम खालीच उभा राहून सगळ्या रकान्यांत खुणा करी, आणि वर कोणी चढत नसे. कागद दप्तरात व्यवस्थित, आणि वर फळी तशीच डगमगती. त्यापेक्षा कागद नसलेला परंतु रोज स्वतः दोर हाताखालून घालणारा माझ्यासारखा माणूस बरा. दोर कोठे तुटला आहे हे तळहाताला कळते, कागदाला नाही.”

“याला माझ्यापाशी उत्तर नाही, कबुली आहे,” जावई म्हणाले. “आमच्याकडे दर सहा महिन्यांनी दोरांना व साखळ्यांना नवा रंग देतात, म्हणजे तपासलेला कोणता व न तपासलेला कोणता हे दुरून कळावे. रंग आधी आणि तपासणी मागाहून होऊ लागली की तो रंगच मारक ठरतो, कारण नवा पोरगा त्याच्यावर विश्वास ठेवतो. नोंद ही तपासणीनंतरची गोष्ट आहे हे ज्या दिवशी विसरले जाते त्या दिवसापासून आमची सारी व्यवस्था पोकळ होते. परंतु तुमचा तळहात तुमच्याबरोबर जाईल, मामा. तुम्ही नसाल त्या दिवशी दुसऱ्याने काय पाहायचे, हे कोठेतरी लिहिलेले असावे की नाही? न्हावा येथून बोटीने आमच्याकडे सामानाच्या लोखंडी पेट्या येतात. पेटीच्या तळाला फोर्कलिफ्टची पाती घालण्यासाठी खाचा असतात, त्यांत आवारातील खडी अडकून बसते. पेटी बोटीवरून क्रेनने शंभर फूट उचलली की खडा निसटून खालच्या खलाशावर येतो. हे पहिल्यांदा कोणी डोक्याने शोधले नव्हते. खडे पडले म्हणून कळले. आज नवा आलेला पोरगा पहिल्याच दिवशी खाचांत हात घालून पाहतो, कारण ते यादीत आहे. एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला जखम न होता मिळावा, एवढ्यासाठी यादी.”

“मग माझ्या पहारेलाही दोरी बांधा म्हणाल. पंधरा फूट खाली कपारीत उभा राहून माणूस पहार चालवतो. ती तुम्ही त्याच्या कमरेला बांधली आणि सुटली, तर पहारेबरोबर माणूसही जाईल.”

जावयांचा चेहरा उजळला; आपल्या सासऱ्यांनी न शिकता जे जाणले होते ते समुद्रावरच्या शिक्षणात मुद्दाम शिकवावे लागते, असे ते म्हणाले. हलके हत्यार मनगटाला किंवा पट्ट्याला बांधावे. जड हत्यार माणसाला कधीही बांधू नये, ते जवळच्या भक्कम आधाराला बांधावे. दोरी आखूड असावी, कारण लांब दोरीने पडणारी वस्तू वेग घेते, झटक्याने दोरी तोडते किंवा झोका घेऊन बाजूच्या माणसावर येते. “तुमच्या पहारेसाठी खडकात एक खुंटी ठोकावी लागेल. आणि त्याहून उत्तम म्हणजे जे काम तळावर उभे राहून होईल ते कपारीत चढून करूच नये. जी वस्तू वर नेलीच नाही तिला बांधण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही तर वर जाणारे प्रत्येक हत्यार मोजून नेतो आणि मोजून खाली आणतो.”

शेवटचा आक्षेप सासऱ्यांनी फार सावकाश उच्चारला. “जावईबापू, तुम्ही पान्याला दोरी बांधता, दिव्याला तार बांधता, आणि २०२१ च्या मे महिन्यात तुमच्या समुद्रावर अख्खी बार्ज सुटून गेली. आमची लेक त्या रात्री फोन हातात धरून बसली होती. तेव्हा तुमच्या दोऱ्या कोठे होत्या?”

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही कामगारांच्या निवासाची बार्ज नांगर तुटून भरकटली, एका निर्मनुष्य फलाटावर आदळली आणि बुडाली. तिच्यावरील व वरप्रदा या टगवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. नौदलाने व तटरक्षक दलाने त्या खवळलेल्या पाण्यातून शेकडो माणसे वाचविली हेही तितकेच खरे. जावई त्या वेळी सुट्टीच्या पाळीसाठी किनाऱ्याकडे निघून गेले होते, परंतु बुडालेल्या माणसांपैकी काहींबरोबर त्यांनी जेवण केलेले होते. त्यांना बोलायला वेळ लागला.

“नांगर हीसुद्धा दोरीच,” ते म्हणाले. “आणि प्रत्येक दोरीला तिच्या ताकदीची मर्यादा असते. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून होते. वादळ येण्याआधी माणसांना तेथून हलविणे, हा त्या बार्जचा खरा बंदोबस्त होता. दोरी बांधणे हा शेवटचा उपाय आहे, मामा. पहिला उपाय माणसाला त्या जागेवरून दूर ठेवणे हा. आमच्या फलाटावर क्रेन चालू असताना खालची जागा लाल रंगाने आखलेली असते आणि तेथे कोणी जायचे नाही. ते केवळ माणसांसाठी नाही. खाली समुद्राच्या तळावर वायूचे नळ आहेत. पाण्यात पडलेला वेधनाचा पाइप सरळ न जाता तिरपा वाहत जातो आणि लांबच्या नळावर बसू शकतो. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाला येऊन धडकले, वायूचा उभा नळ फुटला, आग लागली. बावीस माणसे गेली आणि दोन तासांत फलाट समुद्रात कोसळला. नळाला एक टक्कर पुरते हे आम्ही तेव्हा पाहिले. सुटलेली वस्तू लहान की मोठी हे महत्त्वाचे नाही. ती सुटली तर वाटेत काय आहे, हे आधी पाहायचे.”

सासऱ्यांनी मान हलविली. मला वाटते, त्यांच्या मनातील अढी या बोलण्याने सुटली, कारण तळाच्या माणसांना कपारीत उभे करण्याचा त्यांचा स्वतःचा शिरस्ता याच तत्त्वावर उभा होता. मजुरांना तळाला उतरवायचे, बादलीत बसवून वर आणायचे, आणि त्यांच्या डोक्यावर दिवसभर दगड फिरवायचे, या कामात खालच्याला वरच्याची निवड करता येत नाही, हे त्यांना माझ्याहून व जावयांहूनही अधिक ठाऊक होते. विहिरीच्या कामावर तळाला उतरणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो, पुष्कळदा परगावचा असतो. विहीर ज्याची असते तो त्यात उतरत नाही.

म्हणून पुढचे बोलणे व्यवहाराचे झाले. आकड्याला नवा खटका, काठाभोवती फूटभर उंच फळी, तळाच्या प्रत्येकाला हेल्मेट, पहार व घण यांसाठी खुंटी आणि दोर, बादली काठाच्या चार बोटे खालीच भरण्याचा दंडक म्हणजे वरचा दगड हेलकाव्याने घरंगळणार नाही, आणि माणसांना वर आणण्यासाठी दगडांच्या बादलीऐवजी कठडा असलेला वेगळा पाळणा: इतक्या गोष्टींवर दोघांचे एकमत झाले. काठावरचा आरोळी देणारा माणूस ठेवायचा की नाही, याविषयी सासऱ्यांनी निक्षून सांगितले की तो राहील, आणि जावयांनीही तो राहावा असेच म्हटले. फक्त आरोळी ऐकून वर न पाहता भिंतीला चिकटायचे, ही सवय तळाच्या माणसांना लावण्याचे ठरले.

मतभेद राहिला तो खर्चाचा. विहिरीचा दर परसावर ठरतो; शेतकरी बहुधा कर्ज काढून विहीर घेतो आणि शेजारच्या गावातील यारीवाला परसामागे शंभर रुपये कमी सांगतो की काम तिकडे जाते. सासऱ्यांचे म्हणणे असे की फळी, दोर, पाळणा यांचा खर्च दरात मिळवला तर इमानदार यारीमालक बाजारातून उठेल, म्हणून तो विहिरींसाठीच्या अनुदानाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून सरकारने धरावा आणि जेथे अनुदान नाही तेथे ग्रामपंचायतीने विहिरीच्या परवानगीबरोबर त्याची अट घालावी, म्हणजे सर्वांना सारखाच भार पडेल. जावयांचे म्हणणे असे की सरकारची वाट पाहण्यात दोनतीन उन्हाळे जातील. शिरूर-दौंडच्या यारीमालकांनी एकत्र बसून दर एकदम वाढवावा व खटका नसलेली यारी कोणीच चालवू नये. सासरे म्हणाले की सगळे मालक एका जागी आणणे त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याही कातळापेक्षा कठीण आहे, तरी न्हावऱ्याच्या आणि केडगावच्या दोघातिघांना ते आपण होऊन भेटतील. आणि जावयांनी पुढच्या पाळीहून परतताना मुंबईच्या बाजारातून खटक्यांचे आकडे, एक नव्हे, दहा आणावेत. पैसे कोणी द्यायचे हे त्या दिवशी ठरले नाही.